मारिसेल मॅडम वाचून दाखवायच्या

ज्यांच्यामुळे मी वकील झालो त्यांचं नाव आधी लिहून टाकतो: ॲडव्होकेट मारिसेल करडे. जन्म फिलिपाइन्समधल्या इलोइलो शहरातला, संसार पुण्याच्या कसबा पेठेतला. सनद माझ्याकडे त्यांना भेटण्याआधीच होती. पण सनद मिळणं आणि वकील होणं यांत अंतर असतं. ते मला त्यांच्या ऑफिसात काही वर्षं काढल्यावर समजलं, आणि नीट समजलं ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीनंतर. संपादकांनी वकिलीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा बरेच दिवस ठरत नव्हतं. शेवटी ठरवलं की तीच चूक सांगायची. त्यात मॅडम कशा आहेत तेही येईल.

मी विदर्भातल्या रिसोडचा. वडील बाजार समितीत मापाडी होते, म्हणजे धान्याची पोती काट्यावर चढवून वजन पुकारणारे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. कायद्याची परीक्षा दिली, पुण्याला आलो आणि शिवाजीनगरच्या न्यायालयाभोवती ऑफिसं धुंडाळू लागलो. एका नामांकित वकिलांनी माझं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपली मराठी जरा सुधारा, मग या." दुसऱ्यांनी विचारलं, वडील वकील आहेत का. तिसऱ्यांकडे खुर्चीच रिकामी नव्हती. शेवटी न्यायालयातल्या एका कारकुनाला दया आली. तो म्हणाला, "कसब्यात तांबट आळीत एक फिलिपिनो बाई आहेत. त्यांच्याकडे गरीब अशील फार, त्यामुळे ज्युनियर टिकत नाहीत. जागा असेल बघा."

तांबट आळीत पोचलो तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर हातोड्या पडत होत्या. खाली करड्यांचं भांड्यांचं दुकान, बाजूला अरुंद जिना, वर ऑफिस. बाई लहानखुऱ्या, केस आखूड, सुती साडी. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय येतं?"

"मॅडम, मले ड्राफ्टिंग येते," मी म्हणालो आणि जीभ चावली.

"ही कुठली मराठी?"

"वाशिम जिल्ह्यातली."

"माझी तर अजून लांबची आहे. बस."

अशी मला नोकरी लागली.

त्यांची मराठी त्यांना सासूबाईंनी शिकवली होती, त्यामुळे त्यात कसब्याचा तिखटपणा पुरेपूर उतरला होता. लिंगं मात्र कायम चुकत. "अर्ज आली का?" असं त्या विचारत. एकदा न्यायालयात समोरचे वकील सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, अर्ज पुल्लिंगी असतो." मॅडम म्हणाल्या, "मंजूर होणार असेल तर मला कुठलाही चालेल." न्यायाधीशांनी खाली मान घालून काहीतरी लिहायला घेतलं.

त्या पुण्याला विद्यापीठात शिकायला आल्या होत्या. इथेच वसंतराव करड्यांशी लग्न झालं. वकिलीकडे वळायचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. विद्यार्थिनी असताना त्या एका वसतिगृहात राहत. तिथल्या बाईंनी एक मराठी कागद पुढे केला आणि इथे सही कर म्हणाल्या. यांनी केली. दुसऱ्या दिवशी यांच्या खाटेवर दुसऱ्याच मुलीची वळकटी. कागदावर लिहिलं होतं की मी स्वखुशीने खोली सोडत आहे.

"मी भांडायला गेले," मॅडम म्हणाल्या, "तर त्यांनी माझीच सही मला दाखवली. मला काही बोलता येईना. सही खरी होती ना."

पुढे मूल झाल्यावर त्या कायदा शिकल्या. सनद मिळवायची तर भारताचं नागरिकत्व घ्यावं लागणार होतं, आणि ते घ्यायचं तर आधीचा पासपोर्ट सोडावा लागणार होता. त्यांनी सोडला. त्यानंतर स्वतःच्या आईला भेटायला जायचं तरी व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागे. त्या रांगेबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. एवढंच म्हणत, "तिथला साहेब विचारतो, जाण्याचा उद्देश काय. मी लिहिते, आई."

आता ऑफिसच्या कामाविषयी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

न्यायालयात माणूस बोलतो त्यापेक्षा कागद जास्त बोलतो. त्यातला महत्त्वाचा कागद म्हणजे शपथपत्र. तुमची हकीकत वकील परिच्छेद पाडून लिहितो, तुम्ही अधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन सही करता, आणि त्यातला शब्दन् शब्द तुमचा होतो. शेवटी एक ठरलेली ओळ असते: वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, समजावून सांगितला, तो बरोबर आहे. ही ओळ प्रत्येक शपथपत्रात असते. वाचून दाखवलेलं असतं का? आमच्या व्यवसायातल्या लोकांनी खरं उत्तर द्यायचं तर, बहुतेकदा नसतं. गर्दी असते, अधिकारी उठायच्या बेतात असतात, अशिलाला कामावर परतायचं असतं. "इथे सही, इथे सही, आणि इथे" एवढ्यात काम होतं. शिवाय कोणीच कोरा कागद घेऊन बसत नाही. आधीच्या एखाद्या केसचं शपथपत्र संगणकावर उघडायचं, नाव-गाव बदलायचं, मधला मजकूर हकीकतीप्रमाणे फिरवायचा. सगळे असंच करतात आणि त्यात गैर काही नाही, जर नंतर वाचून दाखवलं तर.

मॅडम वाचून दाखवायच्या. प्रत्येकाला, प्रत्येक कागद, पहिल्या ओळीपासून. त्या अडखळत वाचत, खाली हातोड्या चाललेल्या असत, म्हणून आवाज चढवावा लागे. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून विचारत, "असं झालं?" माणूस नुसता हो म्हणाला तर त्यांचं समाधान होत नसे. "मग कसं झालं ते तुम्ही सांगा," म्हणत. एका कागदाला तास जाई. मला वाटायचं, परदेशी आहेत, वाचून दाखवता दाखवता स्वतःची मराठी पक्की करत असतील. मला मराठी येते, मला याची काय गरज? हे मी कधी बोललो नाही, पण माझ्या मनात होतं, आणि ते इथे लिहिलं पाहिजे.

आमच्याकडे येणारी माणसं नाना तऱ्हेची. मूळ प्रमाणपत्रं एजन्सीने अडकवून ठेवलेला सुरक्षारक्षक, घरमालकाने कागद न भरल्यामुळे पोलिसांकडे खेटे घालणारी परदेशी विद्यार्थिनी, हडपसरच्या कारखान्यातून एका दिवसात काढून टाकलेले कंत्राटी कामगार. आणि फाटक काका.

फाटक काका आळीतच राहत. वय ऐंशीच्या पुढे. एक दिवस काठी टेकत जिना चढून आले आणि म्हणाले, "महापालिकेकडे तक्रार लिहून द्या. खालच्या हातोड्यांनी माझी दुपारची झोप जाते."

मी मॅडमकडे पाहिलं. खालचं दुकान त्यांच्या नवऱ्याचं.

"काका, दुकान माझ्या घरचं आहे," मॅडम म्हणाल्या. "मी ही तक्रार लिहिणं बरं दिसणार नाही. दुसऱ्या वकिलाकडे जा."

"दुसरे फी घेतात," काका म्हणाले. "तुम्ही वकील म्हणून लिहा. सून म्हणून रागावू नका."

मॅडमनी लिहिलं. आणि वाचूनही दाखवलं. 'दिवसभर' या शब्दावर काकांनी हात वर केला. "दिवसभर नाही. दीड ते तीन. खोटं कशाला लिहायचं?" मॅडमनी दुरुस्त केलं, काकांनी सही केली, आणि मॅडम तोच कागद घेऊन खाली गेल्या. वसंतरावांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, "दीड ते तीन एवढंच ना? आधी तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं." त्या दिवसापासून दीड ते तीन ठोक्याचं काम बंद झालं. तक्रार महापालिकेत गेलीच नाही. काका मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा वर आले. शांततेमुळे आता तीनला जाग येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

दुसरी आठवण जोसीची. ही फिलिपाइन्सची मुलगी एका मोठ्या बंगल्यात मुलं सांभाळायला होती. मालकीणबाईंनी तिचा पासपोर्ट कपाटात ठेवला होता आणि मागितला की म्हणत, इथे सुरक्षित आहे. मॅडम तिच्याशी त्यांच्या बोलीत बोलत होत्या. ती भाषा मी प्रथमच ऐकत होतो. इतकी वर्षं ओळखीच्या असलेल्या मॅडम एकदम वेगळ्याच वाटल्या, आवाज मऊ, हात हलवत, मधूनच हसत. कागद इंग्रजीत होता. तो त्यांनी तिला तिच्या बोलीत एकेक वाक्य करून सांगितला. जोसीला इंग्रजी छान येत होतं. मी नंतर विचारलं, "मॅडम, तिला वाचता येत होतं की."

"वाचता येत होतं," त्या म्हणाल्या. "पण घाबरलेलं माणूस सही करण्यापुरतंच वाचतं."

मग आम्ही बंगल्यावर गेलो. मॅडमनी तिथेही सोफ्यावर बसून मालकीणबाईंना ते पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं: पासपोर्ट सरकारचा असतो, तो दुसऱ्या कुणाला असा ठेवून घेता येत नाही, वगैरे. बाई दोनदा मध्ये बोलल्या. मॅडम दोन्ही वेळा म्हणाल्या, "अजून दोन परिच्छेद आहेत." ते संपेपर्यंत पासपोर्ट टेबलावर आला होता.

आता सुमनताई.

सुमनताई हडपसरला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर होत्या. सासर लोणी काळभोरचं. नवरा अपघातात गेला तेव्हा मुलगी आरोही पाच वर्षांची होती. सासूसासरे म्हणाले, वर्षश्राद्धापर्यंत पोरगी आमच्याकडे राहू दे, आमचं मन रमेल. सुमनताईंनी ठेवली. वर्ष झालं, पोरगी परत दिली नाही. म्हणून त्यांनी आमच्यामार्फत मुलीच्या ताब्यासाठी न्यायालयात अर्ज केला होता. सासरे वाईट माणूस नव्हते. मुलगा गेलेला, त्याची एवढी एकच खूण उरलेली. पण न्यायालयात त्यांचं म्हणणं धारदार होतं: आई पाळीने कामाला जाते, एका खोलीत एकटी राहते, माहेरचं कोणी नाही, मुलीला बघणार कोण?

सगळी केस या एका प्रश्नावर उभी होती.

पुराव्याचं शपथपत्र दाखल करायचा तो शेवटचा दिवस होता. मॅडमच्या आईची तब्येत बिघडली म्हणून मॅडम इलोइलोला गेल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "सुमनताईंचं नीट कर." मी एका दुसऱ्या विधवेच्या केसमधलं शपथपत्र उघडलं, कारण हकीकत बरीच सारखी होती. नावं बदलली, तारखा बदलल्या. सुमनताई अर्धी सुट्टी टाकून धावत आल्या. अधिकारी घड्याळाकडे बघत होते. मी म्हणालो, "सगळं तुम्ही सांगितलं तसंच आहे. इथे सही, इथे सही."

उलटतपासणीची तारीख लागली. समोरचे वकील प्रश्न विचारतात ती उलटतपासणी. तिच्या आठ दिवस आधी, शनिवारी दुपारी, मी तयारीसाठी ते शपथपत्र काढून वाचायला बसलो. सातव्या परिच्छेदावर आलो. तिथे लिहिलं होतं: "माझी आई माझ्यासोबत राहते व मी कामावर असताना मुलीचा सांभाळ ती करते."

ते त्या दुसऱ्या बाईंचं होतं. त्यांची आई खरंच त्यांच्याकडे राहत होती. सुमनताईंची आई त्यांच्या लग्नाआधीच वारली होती.

हे सासरच्यांना माहीत नसणार असं म्हणायला जागा नव्हती. सून आईवेगळी आहे हे त्यांना माहीत असल्यामुळेच तर ते "माहेरचं कोणी नाही" असं म्हणत होते. त्यांचे वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारणार होते. शपथेवर खोटं बोलणाऱ्या बाईच्या हाती मूल कोण देईल?

माझा मित्र नदीम शेख न्यायालयात माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, टायपिंगची चूक म्हण आणि दुरुस्तीचा अर्ज टाक. रोज शंभर पडतात. तू काही पहिला नाहीस." मला ते पटलं. मी अर्ज लिहिला: टंकलेखनातील अनवधानाने झालेली चूक. मग मॅडमना इलोइलोला फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. मग त्या म्हणाल्या, "गजानन, टायपिंग चुकलं तर अक्षर इकडचं तिकडे होतं. माणूस जिवंत होतं का?"

मी समोरचा अर्ज उलटा करून ठेवला.

"सुमनताईंना सांगितलंस?"

"नाही मॅडम. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

"मला कशाला? शपथ माझी आहे?" आणि थोड्या वेळाने, "जा त्यांच्याकडे. आणि निकाल काय लागतो तो मला फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव. लिहिताना माणूस बढाया कमी मारतो."

मी हडपसरला गेलो. सुमनताईंची खोली बाजाराच्या मागच्या गल्लीत. रविवारचा दिवस, त्या कपडे धूत होत्या. हात पुसत त्यांनी मला खुर्ची दिली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी बादली पायाने बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्या मेलेल्या आईला तुमी माझ्या घरात आणून बसवली."

"हो."

"आन् मी सही केली."

"तुमची चूक नाही ताई. मी वाचून दाखवलं नाही. माझी चूक आहे."

"तुमची चूक हाय, पण पोरगी माझी हाय," त्या म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "आता खरं सांगितलं तर पोरगी जाईल?"

"जाऊ शकते. घरात बघणारं कोणी नाही, हे आपणच म्हटल्यासारखं होईल."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"पकडलं तर नक्की जाईल."

"आन् न्हाई पकडलं तर?"

याचं उत्तर मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

त्यांनी बादलीतला एक फ्रॉक उचलून पिळला. तो आरोहीचा नव्हता, शेजारच्या मुलीचा होता. मग म्हणाल्या, "उद्या पोरगी मोठी झाली आन् तिनं तो कागद वाचला, तर मी तिला काय सांगू? तुला आणायला आजी जिवंत केली व्हती म्हणू? खरं लिहा. काय व्हायचं ते हू द्या."

"मग शाळा सुटल्यावर आरोहीला कोण बघेल, ते सांगा. तेच लिहू."

त्यांनी कारखान्यात सकाळची पाळी मागून घेतली होती. शाळा सुटल्यापासून त्या येईपर्यंत तास-दीड तास राहत होता. शेजारच्या शकुंतला काकू बघतील म्हणाल्या. मी लिहिलं: शकुंतलाबाई मुलीचा मायेने सांभाळ करतील. आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवायला बसलो.

"थांबा," सुमनताई म्हणाल्या. "मायेनं आन् सांभाळ, दोनी काढा. काकू तिला शाळेतून आणती आन् दाराशी बसवून घेती. तेवढंच करणार हाय ती. तेवढंच लिहा."

एकूण चार ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. चारही ठिकाणी मी हकीकत जरा गोड केली होती. दीड पानाच्या कागदाला पाऊण तास लागला. मॅडमच्या ऑफिसात इतकी वर्षं बसून मला जे कळलं नव्हतं ते त्या खोलीत कळलं. वाचून दाखवणं ही अशिलाची सोय नाही. तो वकिलाला आवर आहे.

मग मी स्वतःचं शपथपत्र केलं. त्यात लिहिलं की सातवा परिच्छेद दुसऱ्या प्रकरणातून आला, तो अर्जदाराने सांगितला नव्हता, आणि 'वाचून दाखवला' ही खालची ओळ खरी नाही. नदीमने तो कागद दोनदा वाचला. "वेडा आहेस का? ही ओळ खोटी होती असं लिहून देणारा वकील मी पाहिलेला नाही. उद्या बार कौन्सिलकडे तक्रार केली कुणी तर?"

"तर करतील."

"आणि तू साक्षीदार झालास तर केस चालवणार कोण?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस." मग म्हणाला, "फाइल दे इकडे."

त्यानंतर काय झालं ते मी मॅडमना पत्रात लिहिलं. निकालानंतर चार दिवसांनी लिहिलं आणि पानांचे फोटो काढून पाठवले; त्या परतल्यावर मूळ पानंही दिली. वर्षानुवर्षं ते पत्र त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. आता त्या न्यायालयात जात नाहीत, पण वरच्या खोलीत सकाळी दोन तास बसतात. त्यांच्याकडून मागून आणलं आणि जसंच्या तसं इथे देत आहे.

*

आदरणीय मॅडम,

सा. न. आईंच्या आजाराला आता उतार असेल अशी आशा आहे. ऑफिस ठीक आहे. वसंतकाका रोज एकदा वर येऊन पंखा बंद आहे ना बघून जातात.

आपण म्हणालात तसं लिहून कळवतो.

उलटतपासणीच्या दिवशी समोरच्या वकिलांच्या फाइलवर एक कागद खोचलेला होता. तो सुमनताईंच्या आईच्या मृत्यूचा दाखला होता, हे नंतर त्यांनीच मला दाखवलं. नदीमने उठून माझं शपथपत्र आणि सुमनताईंचं नवीन शपथपत्र दिलं. न्यायाधीश मॅडमनी दोन्ही वाचली. मला उभं केलं आणि विचारलं, ही खालची ओळ तुम्ही आजवर किती कागदांवर घातली? मी म्हणालो, मोजली नाही. त्या म्हणाल्या, आता मोजा. सगळं कोर्ट ऐकत होतं. मग त्यांनी सुमनताईंना विचारलं, नवीन कागद तुम्हाला वाचून दाखवला का? सुमनताई म्हणाल्या, हो, आन् मी चार चुका काढल्या.

समोरच्या वकिलांनी त्यांना तासभर विचारलं. शेजारीण आजारी पडली तर काय कराल? त्या म्हणाल्या, खाडा करीन. सारखे खाडे झाले आणि नोकरी गेली तर? त्या म्हणाल्या, तर दुसरी बघीन, पर पोरगीला दुसरी आई न्हाई. त्यावर ते वकील खाली बसले.

न्यायाधीश मॅडम आरोहीशी त्यांच्या खोलीत बोलल्या. काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही.

निकाल सुमनताईंच्या बाजूने लागला. मुलगी आईकडे राहील. आजी-आजोबांना दर रविवारी सकाळी दहा ते पाच भेटता येईल आणि दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस नेता येईल. अर्जदाराने स्वतःला उपयोगी पडणारं चुकीचं विधान स्वतःहून मागे घेतलं, हे निकालात नोंदवलं आहे. माझ्याबद्दल वेगळा परिच्छेद आहे. 'गंभीर निष्काळजीपणा' असे शब्द आहेत. सोबत प्रत पाठवत आहे, तो परिच्छेद पान अकरावर आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. घरी जाईन तेव्हा समोर बसून सांगेन.

ऑफिसातली जुनी शपथपत्रं मी काढून बघतो आहे. आतापर्यंत तीन जणांना बोलावून घेतलं आणि वाचून दाखवलं. एकाच्या कागदात भाऊ जास्तीचा निघाला. ते प्रकरण अजून न्यायालयात उभं राहिलेलं नाही, दुरुस्त करता येईल.

काल आरोही आईकडे आली. आजोबा स्वतः लोणीहून तिला घेऊन आले, वह्यापुस्तकांची पिशवी त्यांच्या खांद्यावर होती. मी निकालाची प्रत द्यायला गेलो होतो म्हणून तिथे होतो. सुमनताईंनी चहा केला. ते दारातच बसून प्याले. पोरगी एकदा आजोबांच्या मांडीवर, एकदा आईच्या. निघताना त्यांनी मला विचारलं, वकीलसाहेब, रविवारी किती वाजता यायचं म्हणून लिहिलंय? मी पिशवीतून निकालाची प्रत काढून पान शोधत होतो.

तेवढ्यात आतून सुमनताई सासऱ्यांना म्हणाल्या, "मामा, जेवायलाच या."

आपला नम्र,
गजानन